सगळं गाव रानात

मार्गशीर्ष अमावस्येच्या सकाळी अकराच्या सुमाराला लातूरच्या गंजगोलाईत उभं राहिलं, तर सोळा रस्ते येऊन मिळतात ती हीच बाजारपेठ का, असा प्रश्न पडतो. शटर खाली ओढलेली, हातगाड्या ताडपत्रीखाली, रिक्षा शोधूनही सापडत नाही. नुकताच बदलून आलेला बँकेतला माणूस किंवा परजिल्ह्यातून शिकायला आलेलं पोरगं गोंधळून विचारतं, "आज कशाचा बंद?" बंद कुणीच पुकारलेला नसतो. लोक रानात गेलेले असतात. जिल्हाधिकारी वर्षाकाठी ज्या मोजक्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्यांतली एक लातूर जिल्ह्यात या दिवसासाठी राखलेली असते.

पंचांगवाले तिला दर्शवेळा अमावस्या म्हणतात, छापील बातम्यांत ती वेळ अमावस्या असते आणि घरात नुसती येळवस. लातूर, धाराशिव, सोलापूरचा पूर्वेकडचा पट्टा, नांदेडची देगलूरकडची बाजू आणि सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी, एवढ्या मुलखात ती साजरी होते. कोकणात किंवा खानदेशात तिचं नाव काढलं तर समोरच्याला उलगडा होत नाही. या मुलखातला बराचसा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत. मग ते उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्याच्याकडे आले. नकाशे बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. निलंग्याच्या घरातली आत्या भालकीला दिलेली असते, उदगीरच्या सुनेचं माहेर बसवकल्याणला असतं, आणि येळवशीला दोन्ही बाजूंच्या शिवारांत एकच स्वयंपाक शिजतो. रानात घुमणाऱ्या आरोळीतले शब्दही अर्धे कानडी वळणाचे आहेत. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना त्यांचा अर्थ ठाऊक नसतो, पण आरोळी बिनचूक येते.

दिवस ठरतो तिथीवर, त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरात तो पुढेमागे होतो. 2022 मधली येळवस 23 डिसेंबरला झाली. मधे अधिक श्रावण आला आणि पुढची गेली थेट 11 जानेवारी 2024 वर. म्हणजे 2023 हे अख्खं वर्ष येळवशीविना गेलं आणि 2024 मध्ये ती दोनदा आली, कारण 30 डिसेंबरला पुन्हा मार्गशीर्ष अमावस्या होती. शहरात हा केवळ आकड्यांचा खेळ वाटेल. रानात तसं नाही. जानेवारीत आलेल्या येळवशीला हरभऱ्याचे घाटे टच्च भरलेले असतात आणि ज्वारी लवकर पेरलेली असली तर हुरडाही मिळतो. डिसेंबरातल्या येळवशीला ज्वारी अजून पोटरीत असते, मग सगळा भार तुरीच्या शेंगांवर आणि वाटाण्यावर येतो. कुठल्या वर्षी काय खाल्लं, हे लोकांना म्हणूनच वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

आज पन्नाशीत असलेल्या माणसाला येळवस आठवते ती आदल्या दिवसापासून. दुपारीच बोचकी सुटायची. तुरीच्या शेंगा, वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे ढाळे, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, असा सगळा ढीग ओसरीवर पडायचा आणि त्याभोवती घरातल्या झाडून सगळ्या बायका, पोरीबाळी आणि हाताला लागेल ते पोरगं बसायचं. पुण्याहून आलेली काकू, सोलापूरची मावशी, लग्न होऊन पहिल्यांदाच आलेली नवी सून, यांची ओळख या ढिगापाशी पक्की व्हायची. सोलता सोलता कोण कुणाची कोण हे कळायचं. ढाळे सोलून बोटांना आंब चढायची. हरभऱ्याची ती आंब जिभेला लावली की चव आंबटखारट लागते. कुणाचे दाणे तोंडात जास्त जातात यावर आजीची नजर असायची.

या सगळ्यातून जी होते तिचं नाव भज्जी. कढईत तळलेल्या कांदाभज्यांशी तिचा काहीएक संबंध नाही. शेंगांचे सोललेले दाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, हिरवी चिंच, कोवळी बोरं, असं रानात त्या आठवड्यात जे जे मिळतं ते मोठ्या पातेल्यात शिजायला घालतात. हिरवी मिरची, लसूण आणि जिरं पाट्यावर रगडून त्यात जातं. मग डाळीचं पीठ चिंचेच्या कोळात किंवा ताकात कालवून, गुठळी न होऊ देता, एका हाताने ओतत आणि दुसऱ्या हाताने ढवळत ते एकजीव करायचं. हे ढवळणं नवशिक्याच्या हाती देत नाहीत. पीठ लागलं की तळाशी करपतं आणि करपलेल्या वासाने सगळं पातेलं जातं. पिठाचा कच्चा वास गेला आणि पळी मधोमध टाकली तर कलंडायला वेळ लागू लागला की खालचा जाळ ओढून घ्यायचा. वरून लसणाची चरचरीत फोडणी. प्रत्येक घराची भज्जी वेगळी लागते. कुणाची आंबट, कुणाची तिखट, कुणाची घट्ट वडी पडेल अशी. त्यावरून जावाजावांत जे बोलणं होतं, त्यात स्पर्धा असते तशी मायाही.

आंबीलही आदल्या रात्रीच लावायची. ज्वारीच्या पिठाची पातळ कांजी शिजवून ती निवली की त्यात ताक, आलं, लसूण, मीठ घालून मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत तिला आंबूस वास सुटतो आणि नाकाला थोडा झोंबतो. शिवाय बाजरीचे वाफवलेले उंडे, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याच्या पोळ्या, वांग्याचं भरीत, आणि गव्हाची गुळातली खीर. आता या जिन्नसांतल्या काहींना राजमान्यताही मिळाली आहे. लातूर जिल्ह्यातली पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या मातीची चव वेगळी आहे हे येळवशीला जेवलेल्याला सांगावं लागत नव्हतं. तरीही कागदावर नोंद झाली हे चांगलंच झालं, कारण त्याने पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळण्याची वाट खुली होते.

सकाळी घरधनी किंवा घरातला थोरला मुलगा डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन निघतो. पूर्वी मागून बैलगाडी यायची, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा, गाडीत पातेली, पोरं आणि गुडघे दुखणारी आजी. आता ट्रॅक्टरची ट्रॉली, जीप आणि मोटरसायकलींची रांग असते. बिंदगी मात्र पुष्कळ घरांत अजूनही डोक्यावरूनच जाते.

रानात कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून कोप उभी केलेली असते. वरून घरातलं चांगलं लुगडं किंवा शाल पांघरलेली. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढे लक्ष्मीची पूजा, काळ्या मातीची ओटी, सगळ्या पदार्थांचा नैवेद्य. मग घरातली माणसं आंबील शिंपडत, आरोळी देत सबंध रानाला फेरी घालतात. त्याला चर शिंपणं म्हणतात. या फेरीत एक गोष्ट नकळत घडते आणि ती फार मोलाची वाटते: वर्षभर शहरात राहणारा नातू आपल्या शेताची हद्द पायांनी चालून येतो. कुठला बांध आपला, विहीर कुणाच्या वाट्याची, नाल्याकडची चिंच कुणी लावली, हे त्याला सातबाऱ्यावरून कधीच कळलं नसतं.

नातेवाईक एकत्र येण्याचे दिवस महाराष्ट्रात इतरही आहेत. कार्तिकात आवळीखाली जेवायला बसतात, रायगडात थंडीत पोपटी लागते, सोलापूर-नगरकडे हुरड्याचं बोलावणं असतं. अलीकडे आडनावांची कुलसंमेलनं भरतात. कार्यालय ठरतं, वर्गणी निघते, छापील पत्रिका जातात, कुलवृत्तान्ताची पुस्तकं निघतात. त्यामागची तळमळ खरी असते. येळवशीला यातलं काही लागत नाही. पत्रिका नाही, वर्गणी नाही, कुणी अध्यक्ष नाही. तिथी आली की यायचं आणि रानात जाऊन बसायचं. ज्याचं शेत आहे त्याने दिसेल त्याला हाक मारायची. स्वतःचं रान नसलेली कितीतरी माणसं त्या दिवशी शेजाऱ्याच्या, मित्राच्या, दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या रानात जेवतात. गावातली मुसलमान शेतकरी घरंही आपापल्या रानात स्वयंपाक नेतात आणि त्यांच्या पंगतीला इतर बसतात. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही "या जेवायला" अशी हाक येते आणि ती निव्वळ रीत म्हणून मारलेली नसते. पुढे जाऊ लागलं तर माणसं बांधापर्यंत येऊन हात धरून नेतात. एका दुपारी तीन-चार रानांत जेवून आलेली माणसं गावोगाव भेटतात.

नात्यांच्या भेटीगाठी या पंगतीने जितक्या सांभाळल्या, तितक्या इतर कशाने सांभाळल्या असतील असं वाटत नाही. महाराष्ट्रात 1970-71 च्या कृषी गणनेत एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली. या दोन आकड्यांच्या मधे वाटण्या आहेत, आणि प्रत्येक वाटणीमागे रुसवे, मोजणीचे अर्ज, तहसिलीतल्या तारखा, कधी वर्षानुवर्षांचा अबोला. घर वाटलं की मधे भिंत घालता येते. रान वाटलं तरी कोप एकीच्या शेजारी दुसरी दिसतेच. थोरल्याच्या कोपीतली आरोळी धाकट्याच्या कोपीत ऐकू येते, पोरं बांधावरून इकडून तिकडे पळतात, आणि कुणीतरी म्हातारी वाटीत भज्जी घेऊन, कुणालाही न विचारता, पलीकडे चालू लागते. तिला अडवायची कुणाची छाती होत नाही. अनेक घरांत भावांनी जमीन वाटून घेतली पण येळवशीची कोप एकच ठेवली. ती कुणाच्या हिश्शात उभारायची याची पाळी ठरलेली असते. अशी पाळी घालून देणाऱ्या थोरांचं शहाणपण मोठं.

जेवणानंतरची दुपार पोरांची. चिंचेला किंवा लिंबाला कासऱ्याचा झोका बांधलेला असतो. ढाळे उपटून काटक्यांवर भाजायचे आणि काळ्या हातांनी हुळा खायचा. मोठी माणसं आंबिलीच्या गुंगीने घोंगडीवर आडवी होतात. बायकांना त्या दिवसात हीच काय ती तासाभराची उसंत मिळते. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. या सणाचा आनंद सगळ्यांचा असला तरी दोन दिवसांची मेहनत पिढ्यानुपिढ्या बायकांचीच राहिली. पहाटे तीनला उठून चूल पेटवणारी, पंगतीत सगळ्यांत शेवटी बसणारी, परत आल्यावर खरकटी पातेली घासणारी बाई अनेकांच्या आठवणींत धुराआड दिसते. आता काही घरांत पुरुष शेंगा सोलायला बसतात, रानात चूल मांडून भज्जी ढवळतात, भांडी विहिरीवरच घासून आणतात. हे सगळीकडे व्हायला हवं, आणि लवकर.

येळवशीचं आणि जमिनीचं नातं किती घट्ट आहे, हे 1993 ने दाखवलं. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले होते. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. पुढे 52 गावं जुनी जागा सोडून नव्याने वसवली गेली. भूकंपानंतरची पहिली मार्गशीर्ष अमावस्या आली ती जेमतेम साडेतीन महिन्यांनी, 11 जानेवारी 1994 ला. ज्या घरांत चूल पेटवायला माणूसच उरला नव्हता तिथे सण कसला? पण एक वस्तुस्थिती तेव्हाही होती आणि आजही आहे: गावं हलली, शेतं हलली नाहीत. नव्या वसाहतीतली घरं सरळ रेषेत, रस्ते रुंद, आणि रान पूर्वीपेक्षा लांब. येळवशीला लोक त्या लांबच्या वाटेने निघतात, तेव्हा वाटेत काहींना जुन्या गावाचे अवशेष लागतात. तिथे वाडा होता, तिथे पार होता, असं बोट दाखवत म्हातारी माणसं पुढे जातात. भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांना आपलं मूळ गाव या एका दिवशीच्या बोलण्यातून माहीत झालं.

दुष्काळाच्या वर्षी येळवस वेगळीच असते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आलं. अशा वर्षांत रब्बीची पेरणीच धड होत नाही. हरभरा वितीएवढा, ज्वारीची ताटं करंगळीएवढी. मग भज्जीचे दाणे बाजारातून विकत आणायचे आणि कोरड्या रानात नेऊन शिजवायचे. तरी लोक गेले, पूजा केली, चर शिंपला. ज्यांनी उभ्या पिकाशिवाय कोप उभारली असेल त्यांच्या धीराला नमस्कार करावा.

याहून संथ, पण खोल बदल पिकांचा आहे. लातूरची बाजारपेठ आज सोयाबीनसाठी ओळखली जाते, आजूबाजूचं शिवार खरिपात सोयाबीनने भरलेलं असतं, आणि ते बरोबरही आहे. शेतकऱ्याला रोख पैसा लागतो. पण ज्वारीचा पेरा घटत गेला. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी पिढ्यान् पिढ्या या भागाला भाकर आणि गुरांना कडबा देत आली. ज्वारी गेली की कडबा जातो, आणि कडबा गेला की कोप उभारायला पेंढ्या मिळत नाहीत. ऊसवाला मग पाचटाची कोप करतो, कुणी शेजाऱ्याकडून पाच पेंढ्या मागून आणतो. पाच पेंढ्या मागून आणण्यात कमीपणा काही नाही. फक्त शेजाऱ्याने तरी ज्वारी पेरलेली असावी. येळवस जपायची असेल तर तिचे फोटो जपून भागणार नाही. बांधावर चार ओळी पावटा, विहिरीजवळ चुका-मेथी, दोन एकर रब्बीची ज्वारी, असं काहीतरी प्रत्येक रानात राहिलं पाहिजे. भज्जीतल्या भाज्यांची यादी म्हणजे एका जुन्या मिश्रशेतीची यादीच आहे, आणि त्यातला एकेक जिन्नस बाजारातून येऊ लागला की रान तेवढं उणं होतं.

शहरांच्या कडेने तर रानच जातं आहे. लातूरच्या भोवतालच्या कित्येक वावरांत आता प्लॉटच्या खुणा रोवलेल्या दिसतात. जमीन विकलेली कुटुंबं येळवशीला मित्रांच्या रानात जातात. त्यांना आनंदाने वाढलं जातं. तरी चर शिंपताना पुढे चालणारा माणूस वेगळा आणि मागून जाणारा पाहुणा वेगळा, हे त्यांना जाणवल्याशिवाय राहत नाही.

दिवस कलला की कोपीपुढे नव्या मडक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. ज्या दिशेला उतू जाईल तिकडे पुढच्या वर्षी पीक चांगलं, असं जुनी माणसं सांगतात, आणि चारी दिशांना पाहुणे बसलेले असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष मडक्याच्या काठाकडे असतं. अंधार पडताना हेंडगा पेटतो. कडब्याची किंवा वाळल्या गवताची पेंढी पेटवून ती रानाभोवती फिरवत तरणी पोरं पळतात. अमावस्येमुळे वर चंद्र नसतो, म्हणून एकाच वेळी दहा-वीस रानांतले हेंडगे लांबवर हलताना दिसतात आणि आपला कुठवर पोचला यावर पैजा लागतात.

रात्री घरी आल्यावर उरलेल्या भज्जीची वाटणी सुरू होते. ज्यांना येता आलं नाही त्यांचे वाटे आधी निघतात: परीक्षा असलेला भाचा, दवाखान्यात असलेले आजोबा, रजा न मिळालेली पुण्यातली लेक. भज्जी दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगली लागते, असं ठाम मत असल्यामुळे डबे पाठवण्यात कुणाला संकोच वाटत नाही. रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीत आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये चढताना प्रत्येकाच्या हातात एक स्टीलचा डबा असतो, झाकणाला फडकं बांधलेला, आणि तो सांडू नये म्हणून माणसं त्याला मांडीवर घेऊन पिंपरी-चिंचवडपर्यंत जागी बसून जातात. हिंजवडीतल्या कुठल्याशा ऑफिसात दुसऱ्या दिवशी दुपारी तो उघडतो. शेजारच्या टेबलावरचा नागपूरकर विचारतो, "हे काय आहे?" उत्तर द्यायला जेवणाची अर्धी सुट्टी पुरत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या येळवशीचं आमंत्रण तिथेच देऊन होतं.